‘काऽय’ आणि ‘कायऽ’: अवग्रह कुठे द्यावा?

प्रश्न असा आहे: ध्वनिमुद्रित मुलाखती कागदावर उतरवताना बोलणारी व्यक्ती शब्द लांबवते, अडखळते किंवा वाक्य अर्ध्यावर सोडते, तेथे तीन टिंबे द्यावीत, आडवी रेघ द्यावी की ‘ते एससारखे चिन्ह’ द्यावे?

त्या चिन्हाला अवग्रह असे नाव आहे. त्याला ‘एस’ म्हणण्याची सवय आता इतकी पसरली आहे की अनेक शब्दांकनांत खरोखरच रोमन लिपीतील एस टंकलेला आढळतो, आणि मग ‘काऽय’ हा शब्द संगणकावर शोधू गेल्यास सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी अवग्रहाला स्वतःची जागा आहे, ती वापरावी.

टिंबे आणि रेघ यांचा निकाल लवकर लागतो. वाक्य विरत गेले तर टिंबे द्यावीत. बोलणाऱ्याने स्वतःलाच तोडून दुसरे वाक्य सुरू केले तर रेघ, म्हणजे अपसारणचिन्ह, द्यावे. उतरवणाऱ्याने मजकूर गाळला असेल तर टिंबे चौकटी कंसात घालावीत, म्हणजे गाळणारा कोण हे वाचकाला कळते. मेजर थॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली आले, तेव्हापासून आपण वापरत असलेली बहुतेक चिन्हे लिहिलेल्या वाक्याची रचना दाखवण्यासाठी आहेत. उच्चाराला किती वेळ लागला हे त्यांतील एकही सांगत नाही. ते काम अवग्रहाचे आहे, आणि खरे बोलायचे आहे ते त्याच्याविषयीच.

‘अव’ आणि ‘ग्रह्’ मिळून अडवून धरणे असा अर्थ होतो. पाणिनीचे ‘अवे ग्रहो वर्षप्रतिबन्धे’ हे सूत्र हा शब्द पाऊस रोखला जाण्याच्या अर्थाने नोंदवते, आणि रघुवंशाच्या पहिल्या सर्गात पिके सुकतात ती अवग्रहानेच, म्हणजे अवर्षणाने. आभाळात पाणी आहे, पण ते अडून राहिले आहे, अशी ही कल्पना आहे. वेदांच्या पदपाठात, म्हणजे मंत्रातले एकेक पद सुटे करून म्हणण्याच्या पद्धतीत, हेच अडणे उच्चारात येते: ‘पुरोहितम्’ हे पद ‘पुरःऽहितम्’ असे फोडून म्हणताना मध्ये जो थांबा घ्यायचा, तो अवग्रह. वाजसनेयी प्रातिशाख्य या वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथाने त्याचे मापही दिले आहे, ते ऱ्हस्व स्वराच्या उच्चाराइतके. शांततेची लांबी मोजून ठेवणारी ही परंपरा मुलाखती उतरवणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने आपली म्हणावी, असे मला मनापासून वाटते.

पुढे ‘सोऽहम्’, ‘कोऽपि’ अशा ठिकाणी हे चिन्ह लोपलेल्या अकाराची खूण झाले. याच आधारावर काही व्याकरणप्रेमी आणि मुद्रितशोधक बजावतात की अवग्रह म्हणजे लोप, सबब मराठीत स्वर लांबवण्यासाठी तो वापरणे अशुद्ध आहे. हे मत मला साफ अमान्य आहे. पदपाठातला अवग्रह काहीही लोपवत नाही, तो फक्त थांबवतो; म्हणजे लोप हा या चिन्हाचा एकमेव अर्थ संस्कृतातसुद्धा नाही. शिवाय माझी अशी धारणा आहे, आणि ती मी बरीच वर्षे बाळगून आहे, की मराठीतले लांबण दाखवणारे चिन्ह मुळात अवग्रह नसून छंदःशास्त्रातली गुरूची खूण आहे. लघूला सरळ रेघ आणि गुरूला वाकडी, ही जुनी रीत. प्राकृतपैंगल या छंदांवरील जुन्या ग्रंथाने गुरूचे वर्णन ‘वंक दुमत्तो’, म्हणजे वाकडा आणि दोन मात्रांचा, असेच केले आहे. भातखंडे यांच्या स्वरलेखनात गीताचे अक्षर पुढच्या मात्रेवर लांबते तेव्हा त्याखाली हेच वाकडे चिन्ह येते. वृत्तातून गाण्यात आणि गाण्यातून गद्यात असा प्रवास मला पूर्ण पटतो, कारण तिन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे: अक्षर लांबले. आकृती सारखी असल्यामुळे नाव मात्र अवग्रहाचे चिकटले.

आता वापराविषयी. अवग्रह जो स्वर लांबला त्याच्या लगेच पुढे येतो, शब्दाच्या शेवटी सवयीने नव्हे. ‘काऽय?’ हे आश्चर्य आहे. ‘कायऽ’ ही माजघरातून दिलेली ओ आहे. ‘बरं’ हा होकार आहे आणि ‘बरंऽ’ यात पुष्कळदा ‘बघून घेईन’ दडलेले असते. अर्थ किंवा भाव बदलत नसेल, तर लांबण उतरवू नये, आणि उतरवले तर एक अवग्रह पुरे. दूरवरची हाक असेल तर दोन. ‘खूपपपप’ असे लिहिणे तर सर्वस्वी चूक आहे, कारण त्यात व्यंजन वाढते, आणि लांबलेला असतो तो ऊ.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या दिवसाची एका आजींची आठवण मी उतरवली होती. पहिल्या मसुद्यात ‘घर... सगळं... गेलं...’ असे होते, जणू त्या शब्दाशब्दाला अडखळत होत्या. ध्वनिफीत पुन्हा ऐकली, तेव्हा थांबा एकच निघाला, ‘घर’च्या पुढे, आणि तेथे त्यांनी वाक्य बदलले होते. बाकी सारे लांबण एका स्वरात होते. अंतिम प्रतीत ‘घर — सगळं गेऽलं.’ असे छापले.