अदमासाचं इंग्रजी

प्रश्न : 'दहा-पंधरा मिनिटांत पोचतो' हे इंग्रजीत 'टेन-फिफ्टीन मिनिट्स' असं लिहिलं तर चालतं का? आणि 'दोन-चार दिवस' याचं 'टू-फोर डेज' का होत नाही?

उत्तर : 'टेन-फिफ्टीन मिनिट्स' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि समजतंही. बाहेरच्या वाचकासाठी मात्र दोन आकड्यांमध्ये 'टू' किंवा 'ऑर' घालावा : 'टेन टू फिफ्टीन मिनिट्स' किंवा 'टेन ऑर फिफ्टीन मिनिट्स'. या दोन्हींत थोडा फरक आहे. 'टू' घातला की पल्ला ठरतो, दहापेक्षा कमी नाही आणि पंधरापेक्षा जास्त नाही. 'ऑर' घातला की बोलणं सैल होतं. सोळावं मिनिट लागलं तरी कोणी खोटं ठरवत नाही. मराठीतली जोडसंख्या बहुतेक वेळा 'ऑर'च्या अर्थाची असते.

'दोन-चार' हा तर पल्लाच नाही. 'दोन-चार दिवस थांबा' असं सांगणाऱ्याच्या मनात दोन हा आकडा नसतो आणि चारही नसतो, 'थोडे दिवस' एवढंच असतं. त्यामुळे आकडे सोडून द्यायचे आणि 'अ फ्यू डेज' म्हणायचं. 'एक-दोन दिवस' म्हणजे 'अ डे ऑर टू'. 'वन-टू डेज' नको, आणि 'वन ऑर टू डेज' बरोबर असलं तरी इंग्रजीच्या कानाला 'अ डे ऑर टू' जास्त सहज वाटतं. त्याच चालीवर 'ॲन आवर ऑर टू', 'अ माइल ऑर टू'.

इथे एक चूक फार महागात पडते. 'अ फ्यू' मधला 'अ' गळला की अर्थ उलटतो. 'अ फ्यू मिनिट्स लेफ्ट' म्हणजे थोडी मिनिटं अजून हातात आहेत. 'फ्यू मिनिट्स लेफ्ट' म्हणजे मिनिटं फारशी उरलेलीच नाहीत. मराठीत 'अ' सारखं उपपद नसल्यामुळे तो आपल्या हातून गळतो. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे 'अगदी थोडे' नव्हे, तर 'बरेच'.

'अ कपल ऑफ' चा मूळ अर्थ दोनच. बोलताना तो दोन-तीनपर्यंत ताणला जातो, विशेषतः अमेरिकेत. पैसे, औषध किंवा मुदत यांबाबत हा शब्द वापरूच नये, सरळ 'टू' (दोन) लिहावं.

प्रश्न : 'अबाउट', 'निअरली', 'ओव्हर', 'अ गुड आवर', 'ऑर सो' या सगळ्यांना आम्ही 'सुमारे' म्हणतो. ते खरंच सारखे आहेत का?

उत्तर : नाहीत. प्रत्येक शब्दाला दिशा आहे, आणि ती ओळखता आली की निम्मं काम झालं. एक तास घेऊन पाहू. 'अबाउट ॲन आवर' किंवा 'अराउंड ॲन आवर' दोन्ही बाजूंना झुकतं, म्हणजे ५० मिनिटंही चालतील आणि ७० ही. 'निअरली ॲन आवर' आणि 'ऑलमोस्ट ॲन आवर' फक्त खालून येतात. तास भरलेला नाही. 'जस्ट अंडर ॲन आवर' त्याहून काटेकोर, ५५ मिनिटांच्या पुढे. 'जस्ट ओव्हर' म्हणजे तास उलटून थोडीच मिनिटं झालेली. 'अ गुड आवर' मधला 'गुड' चांगला या अर्थाचा नाही. आपण 'चांगला तासभर लागला' म्हणतो तसाच तो आहे, निदान तास, बहुधा जास्तच. 'अपवर्ड्स ऑफ' म्हणजे 'च्या वर'. बातम्यांत 'अपवर्ड्स ऑफ थ्री आवर्स' दिसलं तर तीन तास हा खालचा आकडा समजायचा.

'द बेटर पार्ट ऑफ ॲन आवर' ला बरेच जण फसतात. त्याचा अर्थ 'तासातला चांगला भाग' असा नसून 'तासातला बराचसा भाग' असा आहे : अर्ध्याहून जास्त, पण पूर्ण तास नाही. ब्रिटिश लोक 'द बेस्ट पार्ट ऑफ' म्हणतात, अर्थ तोच.

जागाही महत्त्वाची. 'ऑर सो' नेहमी आकड्याच्या मागे येतं आणि बहुधा एककानंतर येतं : 'ॲन आवर ऑर सो', 'ट्वेंटी मिनिट्स ऑर सो'. आपल्या 'विसेक मिनिटं' याला हे उत्तम जुळतं. 'ऑड' आकड्याला चिकटतो : 'ट्वेंटी-ऑड माइल्स', म्हणजे वीस आणि वर काही. तो फक्त वरच्या बाजूचा आहे, म्हणून 'विसेक' साठी तो नेमका नाही. लिहिताना मधली जोडरेघ विसरू नका. रेघ नसली तर 'ट्वेंटी ऑड पीपल' म्हणजे वीस विचित्र माणसं असाही अर्थ निघतो. 'गिव्ह ऑर टेक' (थोडं इकडे-तिकडे) ला शक्यतो सोबत फरकाचा आकडा द्यावा : 'टू आवर्स, गिव्ह ऑर टेक टेन मिनिट्स'.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक, अदमासावर अदमास : 'अप्रॉक्सिमेटली टेन टू फिफ्टीन' मध्ये पल्ला हाच अंदाज आहे, पहिला शब्द फुकट. दोन, काटेकोर आकड्याला 'अबाउट' लावणं. 'अबाउट १७.४ किलोमीटर' वाचताना वाचकाला कळत नाही की मोजलंय की अंदाज बांधलाय. मोजलं असेल तर १७.४ लिहा, अंदाज असेल तर 'अबाउट १७'.

प्रश्न : ऑफिसच्या ईमेलमध्ये 'आठ दिवसांत कळवतो' याचं 'आय विल रिप्लाय इन एट डेज' केलं. समोरच्याने नवव्या दिवशीची वेळ धरली. चूक कुणाची?

उत्तर : चूक वाक्याची, आणि त्यात दोन अडचणी एकात एक अडकल्या आहेत.

पहिली 'आठ' ची. मराठीत 'आठ दिवस' म्हणजे आठवडा, कारण आपण या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोकं धरून मोजतो. तसंच 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे. फ्रेंच लोकही दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'च म्हणतात. इंग्रजी मात्र अंतर मोजते, म्हणून तिथे सात आणि चौदा होतात. 'फोर्टनाइट' हा शब्दच जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्री' पासून आला आहे. तेव्हा 'आठ दिवस' साठी 'अ वीक', 'पंधरा दिवस' साठी 'टू वीक्स' किंवा 'अ फोर्टनाइट'. अमेरिकेत 'फोर्टनाइट' रोजच्या बोलण्यात नाही, तिकडे 'टू वीक्स'च लिहा. मुदत कायद्याची असेल, नोटिशीत १५ दिवस असं लिहिलेलं असेल, तर मात्र 'फिफ्टीन डेज'च ठेवायचं. तिथे तो अदमास नसतो.

दुसरी अडचण 'त' आणि 'ने' ची. 'आठवड्याभरात' म्हणजे आठवडा संपायच्या आत. 'आठवड्याने' म्हणजे आठवडा झाल्यावर. आपण 'त' पाहिला की 'इन' लावतो, पण भविष्याबद्दल बोलताना 'इन अ वीक' चा अर्थ बहुतेक वेळा 'आठवड्याने' असा होतो. 'आत' सांगायचं तर 'विदिन अ वीक'. सगळ्यात सुरक्षित म्हणजे तारीख : 'बाय मंडे, १२ जून'. भूतकाळात पुन्हा वेगळं आहे : 'आय फिनिश्ड इट इन अ वीक' म्हणजे आठवड्यात पुरं केलं, तिथे 'त' आणि 'इन' जुळतात.

जाता जाता : 'दोन दिवसांपूर्वी' साठी 'बिफोर टू डेज' नको, 'टू डेज अगो'. 'दोन वर्षांपासून' साठी 'सिन्स टू इयर्स' नको, 'फॉर टू इयर्स'. 'सिन्स' च्या पुढे सुरुवातीचा क्षण लागतो, 'सिन्स २०२३'. आणि बैठकीच्या निमंत्रणात 'बायवीकली' लिहू नये. त्याचे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा असे दोन्ही अर्थ शब्दकोशात आहेत.

प्रश्न : ब्रिटिश सहकारी 'हाफ सेव्हन' म्हणतो. म्हणजे साडेसहा की साडेसात?

उत्तर : साडेसात. 'हाफ पास्ट सेव्हन' मधला 'पास्ट' गळलेला असतो. जर्मनमध्ये शब्दशः हेच बोललं तर साडेसहा होतात, त्यामुळे जर्मन सहकारी इंग्रजीत 'हाफ सेव्हन' म्हणाला तर एकदा विचारून घ्या.

प्रश्न : 'स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर' इंग्रजीत कसं लिहावं? आणि 'ॲज द क्रो फ्लाइज' म्हणजे नक्की काय?

उत्तर : 'हाकेच्या अंतरावर' साठी रुळलेला शब्दप्रयोग 'अ स्टोन्स थ्रो फ्रॉम द स्टेशन', दगड फेकला तर पोचेल इतक्यावर. आपण आवाज फेकतो, ते दगड. मीटरमध्ये याचं माप नाही आणि घरांच्या जाहिरातींत तो एक-दीड किलोमीटरलाही लावतात. गाडी पकडणाऱ्या माणसाला पत्ता सांगत असाल तर मिनिटंच द्या : 'अ फाइव्ह-मिनिट वॉक'. यात 'मिनिट' एकवचनी आणि मध्ये जोडरेघ. दुसरं रूप 'फाइव्ह मिनिट्स वॉक', त्यात 'मिनिट्स' नंतर ॲपॉस्ट्रॉफी येते आणि आधी 'अ' येत नाही. या दोन रूपांची खिचडी हीच नेहमीची चूक. 'फाइव्ह किलोमीटर्स फार' ही दुसरी. तिथे 'अवे' हवं. 'केएम' हे चिन्ह आहे, त्याला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही.

अमेरिकेतल्या शहरांत अंतर 'ब्लॉक' मध्ये सांगतात, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यांत. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण चालताना सुमारे २० ब्लॉकचा एक मैल होतो, म्हणजे एक ब्लॉक ८० मीटर धरायला हरकत नाही. पूर्व-पश्चिम ब्लॉक मात्र बरेच लांब आहेत. दुसऱ्या शहरात हा हिशेब लावू नका.

'ॲज द क्रो फ्लाइज' म्हणजे सरळ रेषेत, वळणं-घाट न धरता. मुंबई-पुणे घ्या : सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर, रस्त्याने १५० च्या आसपास, आणि सीएसएमटीहून रेल्वेने १९२. तिन्ही आकडे खरे आहेत. म्हणून डोंगराळ भागातलं अंतर सांगताना आकड्यासोबत 'बाय रोड', 'बाय रेल' किंवा 'ॲज द क्रो फ्लाइज' यांपैकी एक लिहिलंच पाहिजे.