आकड्यात अडकलाय प्रश्न, कॉलेजात नाही

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलीला अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये ॲडमिशन मिळालीय, सगळा मिळून वर्षाचा खर्च ६२ हजार डॉलर, कॉलेज ३४ हजार देतंय, उरलेले २८ हजार तुम्ही भरायचे. आणि घरात सगळे विचारतायत की ह्युमन इकॉलॉजी म्हणजे नेमकं काय.

ते आधी सांगतो. माणूस आणि त्याच्या भोवतीचा निसर्ग-समाज यांच्या नात्याचा अभ्यास म्हणजे ह्युमन इकॉलॉजी. १९६९ मध्ये सुरू झालेलं, साडेतीनशेच्या आसपास मुलांचं कॉलेज, शेजारी अकेडिया नॅशनल पार्क. डिग्री सगळ्यांना एकच, पण आत काय शिकायचं ते मुलगी स्वतः ठरवणार, इंटर्नशिप आणि शेवटचा प्रोजेक्ट कंपलसरी. खाडीतल्या मासेमारीवर तिने केलेलं काम तुम्ही लिहिलंय, ते वाचून वाटलं की ही मुलगी तिथे खरंच फुलेल.

पण तुम्ही २८ हजार गुणिले ४ केलंत, डॉलर ९० धरून १ कोटी काढलेत, तिथे गडबड आहे. स्कॉलरशिप ३४ हजारावरच थांबली आणि खर्च ४ टक्क्यांनी वाढला तर वाढ सगळी तुमच्याच वाट्याला येते, म्हणजे तुमचा हिस्सा जवळपास ९ टक्क्यांनी वाढतो, त्यात रुपया वर्षाला ३ टक्के घसरला तर चार वर्षांचे १ कोटी २० लाख होतात, विमानाची तिकिटं वेगळीच. तुमची शिक्षणाची जमा ४५ लाख, चार वर्षं महिन्याला बाजूला टाकायचे ४० हजार धरले तर आणखी १९ लाख. उरतात ५६ लाख. तेवढं लोन ११ टक्क्यांनी १० वर्षांसाठी म्हणजे ७७ हजारांचा हप्ता, तोही शिकताना व्याज भरत राहिलात तरच, आणि हप्ता सुरू होणार तेव्हा तुमचे मिस्टर ५८ चे होऊन रिटायर झालेले असतील. हे मला अजिबात पटत नाही. पीएफला हात लावायचा विचार तर सोडूनच द्या.

शेजारच्या मुलीला जमलं म्हणता, पण ती मुळशीच्या यूडब्ल्यूसीत (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) होती, तिला डेव्हिस स्कॉलरशिप मिळाली, ती यूडब्ल्यूसीच्याच मुलांना असते. कॅम्पसवरच्या आठवड्याला २० तासांच्या कामातून तुमच्या मुलीचा वरखर्च निघेल, फी नाही.

आता कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदत ठरवणाऱ्या ऑफिसला, मुलीनेच मेल करावा. खर्च वाढेल तशी मदत वाढेल का, हे लेखी मागा. आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) डिग्रीचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी नंबर, कोणता येतो तेही विचारा, कारण तो स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसला तर नंतर तिथे ३ वर्षं काम करता येतं, नाहीतर १ वर्ष, आणि लोन कोण कसं फेडणार ते यावरच ठरतं. कॉलेजचा हिशेबही बघा, अमेरिकेत त्यांचा फॉर्म ९९०, म्हणजे सरकारला दिलेला वर्षाचा जमाखर्च, कोणालाही वाचता येतो. व्हरमाँटमधलं मार्लबरो, असंच खेड्यातलं, मुलं स्वतःचा अभ्यासक्रम आखायची, १९४६ पासूनचं, ते २०२० मध्ये बंद पडलं आणि मुलांना बॉस्टनच्या एमर्सनमध्ये जायचा पर्याय दिला. अशा वेळी अर्ध्यात अडकलेल्या मुलीचा खर्च आईबापच उचलतात.

मदत वाढून तुमचा हिस्सा १८ हजारांच्या आसपास आला आणि लोन २५ लाखांच्या आत राहिलं तर बिनधास्त पाठवा, मी स्वतः तुमच्याबरोबर बँकेच्या ऑफर बघेन. लोन बँकेकडूनच घ्या, एप्रिल २०२५ पासून त्यातून पाठवलेल्या फीवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना आगाऊ घेतला जाणारा टॅक्स) लागत नाही. नाही जमलं तर ॲडमिशनचं डिपॉझिट भरण्याआधी मला फोन करा.