अरिओलर ऊतीच्या स्लाइडवर इलॅस्टिक तंतू आणि मास्ट पेशी का सापडत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की अरिओलर ऊतीच्या (कातडीखालची सैल जोडऊती) कॉलेजच्या एच अँड ई स्लाइडवर, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांनी रंगवलेल्या स्लाइडवर, नुसते गुलाबी पट्टे दिसतात. इलॅस्टिक (लवचिक) तंतू आणि मास्ट पेशी, म्हणजे कणांनी भरलेल्या ॲलर्जीशी संबंधित पेशी, सापडतच नाहीत. यात तुमच्या नजरेचा दोष नाही. इओसिन कोलॅजेनवर (ऊतीला मजबुती देणारे तंतू) छान चढतो, इलॅस्टिक तंतू त्यात जेमतेम रंगतात आणि मास्ट पेशींतले कण उठून दिसत नाहीत. इलॅस्टिकला व्हर्होफ किंवा ऑर्सिन हे खास रंग लागतात, रेटिक्युलर (बारीक जाळीदार) तंतूंना सिल्व्हर स्टेन, म्हणजे चांदीच्या क्षाराचा रंग. जे दिसलं नाही त्याला जर्नलमध्ये बाण काढू नका.

त्यापेक्षा ताजा नमुना करा. कळव्यातल्या कुठल्याही चिकनवाल्याकडे कातडीसकट तुकडा मागा. कातडी उचलल्यावर खाली जो ओलसर, पारदर्शक पापुद्रा ताणला जातो तो घ्यायचा. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कोरड्या स्लाइडवर दोन सुयांनी चहूबाजूंनी ताणा. कडा वाळून काचेला चिकटल्या पाहिजेत, मधला भाग मात्र ओलाच हवा. त्यावर अधूनमधून तोंडाची वाफ सोडा. ठाण्याच्या पावसाळ्यात कडा लवकर धरत नाहीत आणि पापुद्रा परत गोळा होतो, तेव्हा पंख्याखाली बसा. मधला भागही वाळला तर पेशी आक्रसतात. तो तुकडा टाकून द्या.

0.9 टक्के सलाइनचा (मिठाच्या पाण्याचा) थेंब, वर कव्हरस्लिप. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (खालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या, डायफ्रॅम (उजेडाची झडप) बराचसा बंद करा. लख्ख उजेडात इलॅस्टिक हरवतं. कोलॅजेनच्या जाड, लहरीदार जुड्या दिसतील. इलॅस्टिक तंतू एकेकटे, बारीक, चकचकीत, फाटे फुटलेले. तुटलेलं टोक गुंडाळलेलं असतं. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला 1 टक्का ॲसिटिक ॲसिडचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कोलॅजेन फुगून पारदर्शक होतं, इलॅस्टिक जसंच्या तसं राहतं आणि पेशींची केंद्रकं स्पष्ट होतात. ही एक चाचणी मनापासून करा, तंतूंमधला फरक पुन्हा कधी विसरणार नाही.

मास्ट पेशींसाठी बोकडाच्या आतड्यांमधला पातळ पडदा बरा. त्यावर 0.1 टक्का टोलुइडिन ब्लू हा रंग 2 मिनिटं, मग फक्त पाण्याने हलकेच धुवायचं. अल्कोहोल लागला की जांभळी छटा उतरते. रक्तवाहिन्यांच्या कडेने जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या पेशी दिसतील, बाकी सगळं निळं. लांबट, फिकट केंद्रकाच्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट, तंतू तयार करणाऱ्या पेशी. त्यांचं पेशीद्रव्य शोधत बसू नका.

चरबीच्या पेशी कॉलेजच्या स्लाइडवर रिकाम्या दिसतात, कारण अल्कोहोल आणि झायलिनमध्ये चरबी विरघळून जाते.

चिकनच्या स्लाइडवर लंबगोल केंद्रकांची रांग दिसली तर ती फायब्रोब्लास्ट समजू नका. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना केंद्रक असतं.