जपानी मेपलच्या बोन्सायचं खोड आणि मुळं केव्हा छाटावीत? मी साताऱ्यात राहतो. ऑक्टोबरमध्ये दोन्ही एकदम उरकलं तर चालेल का?

नाही चालणार. माझ्या साडूंनी नेमकं हेच केलं होतं.

साडूंची तासगावकडे द्राक्षबाग. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, उभा जन्म त्यात गेला. माझा मेपल सांगलीत, मागच्या गॅलरीत, अंगठ्याएवढ्या खोडाचा, चार वर्षं जपलेला. दिवाळीला जेवून जरा लवंडलो. उठून बघतो तर खोड वितीवर आणलेलं आणि कुंडी उपडी करून मुळंही बोडकी केलेली. बागेची छाटणी नुकतीच उरकलेली, हाताची खाज गेली नव्हती. वर मलाच म्हणतात, "पावणं, आमची वेल कशीबी कापा, फुटतीया."

फुटला की. नोव्हेंबरात लालचुटूक पानांच्या तीन जोड्या. साडूंचा लगेच फोन, "बघा, म्हटलं नव्हतं?" पण त्या पानांना पाणी चढवायला खाली मुळं कुठं होती? कडा काळ्या पडल्या. संक्रांतीला नखानं साल खरवडली, आत हिरवं नाही, तपकिरी. झाड मेलेलं.

साडूंना अजून पटत नाही. अहो, द्राक्षवेल आपल्याकडे नीट झोपतच नाही, म्हणून तर ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या कळ्यांना, जागं करायला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन फासता ना! मेपल थंडीत पानं टाकून झोपणारं झाड. त्याची मुळं झोप संपता संपता कापायची, डोळे फुगलेत पण पान उघडलं नाही तेव्हा. जपानात हे फेब्रुवारी-मार्चला येतं, आपल्याकडे तारीख नको, डोळा बघा. खोड मात्र त्या वेळी कापू नका, जखमेतून रस गळत राहतो. जपानात नवी पानं पक्की झाल्यावर कापतात. इथं तोवर चैत्र-वैशाखाचं ऊन, त्यामुळं पानगळ झाल्यावर कापा आणि जखम बुजवायची पेस्ट लावा. ज्या वर्षी खोड, त्या वर्षी मुळांना हात नाही.

आता खरं सांगायचं तर तो मेपल सांगलीत तसाही किती टिकला असता, कुणास ठाऊक. दर मे महिन्यात पानांचा पापड व्हायचा. पाचगणी-महाबळेश्वरला कुणी नातलग असेल तर कुंडी तिकडं ठेवा. त्याच कुंडीत मी आता वड लावलाय. त्याची मुळं मृगाचा पाऊस लागला की कापतो, चीक पुसतो, पंधरा दिवस सावलीत ठेवतो. अजून तरी साडूंच्या नजरेला पडलेला नाही.