सव्वा लाखाचा संकल्प अर्धवट राहिला तर?

प्रश्न : यजमान अकरा दिवसांपासून अतिदक्षता विभागात आहेत. त्यांच्यासाठी २१ दिवसांत ‘राम कृष्ण हरी’चा सव्वा लाख जप बोलले. रोज जेमतेम पंधरा माळा होतात, मधले तीन दिवस तर कोरडेच गेले. संकल्प मोडला म्हणून त्यांच्या जिवाला काही झालं तर? (एक भगिनी, सातारा)

उत्तर : ताई, आधी हिशेब मांडू. नाम नीट उच्चारायला तीन सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांची माळ साडेपाच मिनिटांची. सव्वा लाखाला ११५८ माळा. २१ दिवसांत करायच्या तर रोज ५५, म्हणजे पाच तास. दवाखान्याच्या फेऱ्या, डबे, औषधं सांभाळून हे कुणालाच जमणार नाही. तुमची श्रद्धा कुठेही कमी पडलेली नाही. आणि इतक्या माळा दिल्या की इतकं आयुष्य मिळालं, असा सौदा वारकऱ्यांच्या नामात नसतोच. ही भीती मनातून काढून टाका.

आज संध्याकाळी दिवा लावा, हातावर पाणी घेऊन ‘पांडुरंगा, झालं तेवढं तुझ्या पायाशी’ म्हणा आणि ते ताम्हनात सोडा. उद्यापासून सकाळी एक माळ, रात्री एक.

माळ मधल्या बोटावर धरा, अंगठ्याने मणी ओढा, तर्जनी लावू नका. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, आला की तो न ओलांडता माळ फिरवून घ्या. घाईत पहिला बळी जातो तो ‘कृष्ण’चा, ‘रामकिसनरी’ ऐकू आलं की थांबा आणि स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात सावकाश म्हणा. तेवढी सहा मिनिटं फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. तरी मन दवाखान्यात गेलं, तर त्याच मण्यावरून पुढे चला. पुष्कळ जण इथेच चुकतात. पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करतात, माळ पुरी होत नाही आणि वैताग वाढतो.

भेटीच्या वेळी आत माळ नेता येत नसेल तर बोटांची पेरं मोजा. चार बोटांची बारा पेरं, नऊ वेळा, झाले १०८. पायात चप्पल आहे, आंघोळ राहिली आहे, म्हणून अडू नका. नामाला सोवळंओवळं नाही. उपास मात्र सध्या नको. उपाशी पोटी रात्रीची जागरणं केलीत तर तुम्हीच आजारी पडाल.

प्रश्न : रागाच्या भरात देवाला नाही नाही ते बोलले. पाप लागेल का? (त्याच भगिनी)

उत्तर : नाही. जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्या, नामदेव त्याच्याशी भांडले. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. त्यांच्या गाथेत देवाशी केलेलं भांडण पानोपानी सापडतं. भांडायचं तर देवापुढे बसूनच भांडा, आणि जे आहे तेच बोला : ‘उद्याच्या रिपोर्टची भीती वाटते, रात्री झोप लागत नाही.’ मग ती रात्रीची एक माळ घ्या.