कॅमशाफ्टच्या कॅपचे बोल्ट घरी आवळताना टॉर्क रेंच लागतोच का?

तुम्ही घरीच कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, बदलताय. त्याला हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) धरून ठेवणाऱ्या कॅपचे बोल्ट नेमके किती आवळायचे आणि हाताला सवय असेल तर टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणाऱ्या पान्याशिवाय, भागेल का, असं विचारलंय. नाही भागणार. पण त्याहून महत्त्वाचं हे, की टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा सगळ्यात शेवटी येतो. कॅप खराब होते ती बहुतेक त्याच्या आधीच.

कॅमशाफ्ट हेडवर ठेवला की त्याचे काही लोब (उंचवटे) व्हॉल्व्हवर टेकलेले असतात आणि खालच्या स्प्रिंगा त्याला वर ढकलत असतात. त्यामुळे शाफ्ट एका बाजूने उचललेला दिसतो. अशा वेळी एकाच कोपऱ्यातला बोल्ट पूर्ण आवळला, तर त्या स्प्रिंगांचा सगळा जोर त्या एका कॅपवर येतो. मग कॅप तडकते, आटे जातात, नाहीतर शाफ्टच वाकतो. म्हणून आधी सगळे बोल्ट हाताने टेकवा. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने प्रत्येक बोल्ट फक्त अर्धा फेरा फिरवत जा. हा क्रम बहुतेक इंजिनांत मधून बाहेर जातो, आणि उघडताना त्याच्या उलट, बाहेरून आत. दर फेरीनंतर खाली वाकून कॅप आणि हेडमधली फट बघा. ती सगळीकडे सारखी मिटत गेली पाहिजे. कॅप हेडला टेकल्यावरच टॉर्क रेंच हातात घ्यायचा. पहिल्यांदा या कामाला खूप वेळ लागतो. तो लागू द्या.

आता आकडा. हे बोल्ट बहुधा एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे, असतात आणि त्यांचा टॉर्क साधारण १० ते १२ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. हे फक्त अंदाज यावा म्हणून सांगतोय, तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आणि एकक दोनदा वाचा. १० न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ८९ इंच-पाउंड, पण फूट-पाउंडात तेच फक्त ७.४. कोणी ८९ फूट-पाउंड समजून पाना लावला, तर तो बोल्ट तुटणारच.

माझ्याकडून हेच काम एकदा बिघडलं, ते चुकीच्या रेंचमुळे. माझा रेंच अर्ध्या इंचाचा (सॉकेट बसतं त्या चौकोनाचं माप) होता, ४० न्यूटन मीटरपासून पुढचा. त्याची मूठ मी खुणेच्या खाली फिरवून १० वर आली असेल असं धरलं आणि क्लिकची वाट बघत राहिलो. क्लिक आलाच नाही. एका क्षणी बोल्ट हाताला मऊ लागला, लोण्यात फिरावा तसा. बाहेर काढून बघतो तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. पोलादी बोल्टला काही झालं नव्हतं, हेडमधले आटे तेवढे सोलून निघाले होते. ते भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावं लागलं. तेव्हा या कामाला पाव इंचाचा, ५ ते २५ न्यूटन मीटरचा रेंच घ्या. क्लिक रेंच आपल्या रेंजच्या अगदी तळाशी भरवशाचा नसतो. क्लिक झाला की थांबा, खात्रीसाठी पुन्हा क्लिक करू नका. आणि त्या रेंचने बोल्ट सैल करू नका.

तेलाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. आपण लावलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ ९० टक्के बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणात जातो, बोल्टला ताण मिळतो तो उरलेल्यातून. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर घर्षण कमी होतं आणि तोच क्लिक येईपर्यंत बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअल तेल लावा म्हणत असेल तरच लावा. भोकाच्या तळाशी तेल साचलं असेल तर ते मात्र काढाच. तेल दाबलं जात नाही, बोल्ट खाली गेला की तो दाब हेडचा भाग फोडू शकतो. लोब आणि जर्नलवर (शाफ्टचा कॅपखाली फिरणारा भाग) असेंब्ली ल्यूब, म्हणजे जोडणीच्या वेळचं वंगण, भरपूर लावा, तिथे कंजुषी नको.

कॅप आपापल्या जागीच आणि बाण असेल त्या दिशेनेच बसवा. त्यांची भोकं हेडला बसवूनच मशिन केलेली असतात, अदलाबदल केली तर शाफ्ट अडकतो. काढतानाच मार्करने नंबर टाका.

स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चाकाच्या) बोल्टचा टॉर्क बराच जास्त असतो. तो आवळताना चेनच्या भरवशावर राहू नका, शाफ्टवर षटकोनी भाग असेल तर तिथे पाना लावून धरा. मॅन्युअलमध्ये टॉर्कपुढे अंश (त्यानंतर आणखी किती फिरवायचं ते) दिले असतील, तर बहुधा तो बोल्ट ताणून बसवायचा असतो, आणि मॅन्युअल नवा घ्या म्हणत असेल तर जुना परत वापरू नका.

सगळं झालं की स्टार्टरला हात लावण्याआधी क्रँक (पिस्टनना जोडलेला शाफ्ट) हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात कॅम एकदा फिरतो. कुठेही कडक थांबला तर जोर न लावता टायमिंगच्या खुणा पुन्हा बघा, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असू शकतो. मग व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची ठरलेली फट, मोजा. शेवटी कव्हर लावाल, त्या बोल्टांचाही आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जास्त आवळले तर गॅस्केट चेपून बाहेर येतं आणि तिथूनच तेल गळू लागतं.