‘कोलायडर’: त्वरक, आघातक की टक्करयंत्र?

प्रश्न असा आहे: भाषांतर करताना ‘फ्यूचर सर्क्युलर कोलायडर’ हे कणांची टक्कर घडवणाऱ्या एका प्रस्तावित महाकाय यंत्राचं नाव आलं. ‘भविष्यकालीन वर्तुळाकार त्वरक’ लिहिलं तर चालेल का, की ‘आघातक’ बरं?

‘त्वरक’ नको. कणांना ऊर्जा देऊन पळवणारं कुठलंही यंत्र त्वरक असतं. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देणारं लिनॅकही त्वरकच. त्यात इलेक्ट्रॉन धातूच्या एका स्थिर तुकड्यावर आदळतात आणि क्ष-किरण बाहेर पडतात. कोलायडरमध्ये मात्र कणांचे दोन झोत समोरासमोरून येऊन भिडतात. नावात हे भिडणं यायलाच हवं.

‘आघातक’ही मला पटत नाही. आघातात एक मारतो आणि दुसरा सोसतो. घणाचा घाव ऐरणीवर पडतो तसा. टक्कर दोघांची असते. जत्रेतल्या मेंढ्यांच्या टकरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन्ही मेंढे आधी चार पावलं मागे सरतात, माना खाली घालतात, दोघंही धावत सुटतात आणि मधोमध कपाळाला कपाळ भिडतं. टक्कर देणं, टक्कर घेणं या प्रयोगांतही समोर तोलामोलाचा कुणीतरी गृहीत असतोच. ‘धडक’ झाडालाही बसते, म्हणून अपघाताच्या बातमीत ‘समोरासमोर’ हा शब्द मुद्दाम जोडावा लागतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या, २७ किलोमीटर घेराच्या एलएचसीत (लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये) प्रत्येक प्रोटॉनला ६,८०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा मिळते. असे दोन प्रोटॉन समोरासमोर भिडले की १३,६०० अब्ज हाताशी येतात. तोच प्रोटॉन स्थिर प्रोटॉनवर आदळला, तर नवे कण घडवायला जेमतेम ११३ अब्ज उरतात. बाकीची ऊर्जा सगळा ढिगारा पुढे ढकलण्यातच खर्च होते. २०१२ साली एलएचसीत सापडलेल्या हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमानच, ऊर्जेच्या याच मापात, सुमारे १२५ अब्ज आहे. म्हणजे त्याच प्रोटॉनच्या नुसत्या आघातातून हिग्ज घडलाच नसता, त्याला टक्करच हवी होती! एवढा फरक आपल्या भाषेत आयता असताना तो का पुसायचा?

हिंदीतला ‘संघट्टक’ आपल्याकडे आणू नये. मराठी वाचक तो सरळ ‘संघटक’ असा वाचेल.

तेव्हा ‘टक्करयंत्र’. पुढच्या यंत्रांवरही मी हा शब्द घासून पाहिला. जपानमध्ये उभारायचा विचार झालेलं इंटरनॅशनल लिनिअर कोलायडर सरळ रेषेतलं आहे. दोन टोकांकडून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित प्रतिकण) येऊन मध्ये भिडतात. ते सरळ टक्करयंत्र. म्यूऑन कोलायडरचाही विचार चालू आहे. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड कण, स्थिर असताना सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकणारा. तो विरून जायच्या आत टक्कर घडवायची, ही त्या यंत्राची खरी अडचण. त्यालाही म्यूऑन टक्करयंत्र म्हणताना जीभ अडखळत नाही.

राहिलं ‘फ्यूचर’. ‘भविष्यकालीन’ वाचून व्याकरणातला काळ आठवतो. ‘नियोजित’ म्हणजे ठरलेलं, मग ती नियोजित वधू असो की नियोजित विमानतळ. फ्यूचर सर्क्युलर कोलायडरचं बांधकाम मात्र अजून ठरलेलं नाही. मार्च २०२५मध्ये त्याचा व्यवहार्यता अहवाल आला, इतकंच. म्हणून नावात ‘भावी’ आणि वर्णनात ‘प्रस्तावित’.

पहिल्या उल्लेखात मी असं लिहीन: ‘सर्नचं प्रस्तावित भावी वर्तुळाकार टक्करयंत्र (फ्यूचर सर्क्युलर कोलायडर) सुमारे ९१ किलोमीटर घेराच्या बोगद्यात बसेल. आधी त्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या आणि काही दशकांनी प्रोटॉनच्या टकरी घडवल्या जातील.’ त्यापुढे नुसतं ‘टक्करयंत्र’ पुरे.